आयरिश रंगभूमि व तिचे प्रेक्षक

डब्लिन शहरांतील अ‍ॅबी नाट्यगृह २७ डिसेंबर १९०४ रोजीं उघडलें. आयर्लंडवर त्या वेळीं इंग्रजांचें राज्य होतें, आणि इंग्रजी रंगभूमीवरील आयरिश मनुष्य म्हणजे बहुधा दारूबाज व वाचाळ विदूषकच असे. ही विटंबना थांबावी व राष्ट्राचें खरें रूप लोकांना दिसावें, या हेतूनें कवि येट्स, लेडी ग्रेगरी प्रभृतींनीं हा उद्योग आरंभिला. परंतु राष्ट्राचें खरें रूप कोणतें, हें ठरवावयाचें कोणीं? अ‍ॅबींतील सर्व मोठे वाद या एका प्रश्नांतूनच निघाले.

१९०७ च्या जानेवारींत सिंग या नाटककाराचें ‘प्लेबॉय ऑफ द वेस्टर्न वर्ल्ड’ हें नाटक तेथें झालें. बापाचा खून करून आलों, असें सांगणारा एक परका तरुण मेयो परगण्यांतील खेड्यांत येतो, आणि गांवकरी त्याला डोक्यावर घेतात. आमचे शेतकरी असे नव्हत, आमच्या मुली अशा बोलत नाहींत, म्हणून प्रेक्षकांनीं दंगा केला. पोलिसांना बोलवावें लागलें. देश स्वतंत्र झाल्यावरही, १९२६ सालीं, शॉन ओकेसीच्या नाटकावर तोच प्रसंग आला. १९१६ च्या बंडांत पडलेल्या वीरांच्या विधवा व माता यांना, क्रांतीचा ध्वज मद्यगृहांत आणलेला पाहवला नाहीं. त्यांचें दुःख खरें होतें. ओकेसीनें दाखविलेलें डब्लिनच्या चाळींतील दैन्यही तितकेंच खरें होतें.

१९५१ सालीं मूळ इमारत आगीच्या भक्ष्यस्थानीं पडली. १९६६ सालीं नवी उभी राहिली. देशही पालटत होता. पिढ्यान्‌पिढ्या माणसें परदेशीं धाडणाऱ्या आयर्लंडांत १९९० नंतरच्या भरभराटींत बाहेरून माणसें येऊं लागलीं. नायजेरियाहून आलेले बिसी अडिगुन यांनीं रॉडी डॉयल यांच्यासह सिंगच्या त्याच नाटकाचें नवें रूप लिहिलें, आणि मूळ प्रयोगास १०० वर्षें झालीं असतां, २००७ सालीं, तें अ‍ॅबींतच झालें. आतां तो परका तरुण नायजेरियाचा होता आणि मेयोच्या खेड्याऐवजीं डब्लिनच्या उपनगरांत येत होता.

पुढें १९१६ च्या बंडाच्या शताब्दीसाठीं अ‍ॅबीनें २०१५ सालीं आपला कार्यक्रम जाहीर केला. त्यांतील १० नाटकांपैकीं अवघें १ स्त्रीनें लिहिलेलें होतें. ज्या संस्थेच्या पहिल्याच रात्रीं लेडी ग्रेगरी यांचें नाटक लागलें होतें, तिची ही गत! १२ नोव्हेंबर २०१५ रोजीं अ‍ॅबींतच सभा भरवून नाट्यव्यवसायांतील स्त्रियांनीं जाब विचारला, आणि संस्थेला स्त्रीपुरुषसमतेचें धोरण स्वीकारावें लागलें.

१९०७ चा प्रेक्षक ‘हे आम्ही नव्हे’ म्हणून ओरडला. २०१५ च्या स्त्रियांनीं ‘यांत आम्ही कोठें आहों?’ असें विचारलें. पहिल्याला राष्ट्राच्या अब्रूची चिंता होती, दुसऱ्यांना राष्ट्रांतील आपल्या जागेची. दोन्ही वेळां लोक भांडले, तें रंगभूमि आपली आहे असें मानून. ज्या रंगभूमीशीं कोणी भांडावयासही येत नाहीं, तिला राष्ट्रीय म्हणणें व्यर्थ होय.