बेहड्याचं झाड आणि चार चिंचोके

अयोध्येचा राजा ऋतुपर्ण दमयंतीच्या दुसऱ्या स्वयंवरासाठी विदर्भाकडे निघाला होता. रथ हाकत होता बाहुक, म्हणजे द्यूतात राज्य घालवून बसलेला, रूप पालटलेला नल. वाटेत बेहड्याचं झाड लागलं आणि राजाने आपली विद्या दाखवली. दोन फांद्यांकडे नुसतं पाहून तो म्हणाला, यांवर पाच कोटी पानं आहेत आणि २०९५ फळं. नलाला ते पटेना. दिवस मावळायच्या आत कुंडिनपूर गाठायचं असताना त्याने रथ थांबवला, झाड तोडलं आणि फळं मोजली. आकडा तंतोतंत जुळला. मग सौदा ठरला: नलाने घोड्यांची विद्या द्यायची, ऋतुपर्णाने फाशांची. ती विद्या मिळताच नलाच्या अंगातला कली बाहेर पडला आणि त्याच बेहड्यात शिरला.

महाभारताच्या वनपर्वातली ही गोष्ट आपण दमयंतीच्या विरहासाठी ऐकत आलो. पण फांदीवरून फळांचा अंदाज बांधणारा आणि फाशांचं मर्म जाणणारा माणूस इथे एकच आहे, हे फार महत्त्वाचं आहे. संभाव्यतेचा इतिहास लिहिणारे इयान हॅकिंग यांनी १९७५ च्या आपल्या ग्रंथात नेमकी हीच कथा उचलली. तिला ‘प्राचीन संख्याशास्त्र’ म्हणणं अति होईल. मोजणं आणि दान यांचं नातं आहे एवढं मात्र त्या कथाकाराला नक्की ठाऊक होतं.

झाडही बेहड्याचंच का? कारण वैदिक काळात बेहड्याची फळं हेच फासे होते. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातल्या अक्षसूक्तात द्यूतापायी घर उद्ध्वस्त झालेल्या जुगाऱ्याचा आक्रोश आहे, तो याच फळांमुळे. अभ्यासकांनी लावलेल्या अर्थानुसार, फळांच्या राशीतून काही उचलायची आणि चारच्या गटांनी मोजायची. बाकी काही उरलं नाही तर कृत, तीन उरली तर त्रेता, दोन तर द्वापर, एक तर कली. चार युगांची नावं आणि चारने भागल्यावरच्या चार बाक्यांची नावं एकच आहेत.

घनाकृती फासे याहूनही जुने. मोहेंजोदडोला भाजक्या मातीचे फासे सापडले, त्यांत एकच्या समोर दोन, तीनच्या समोर चार, पाचच्या समोर सहा. आज आपण वापरतो त्या फाशावर समोरासमोरच्या बाजूंची बेरीज सात येते. ही पद्धत नंतरची. वेरूळच्या लेण्यांत शंकर-पार्वती सारीपाट मांडून बसलेत. लीळाचरित्रातला हरिपाळदेव, म्हणजे पुढचे चक्रधरस्वामी, जुगारात हरतो आणि बायको दागिने द्यायला नकार देते. विरक्तीची सुरुवात तिथून.

घराघरांत मात्र पैसे न लावता दानाचा खेळ चालला, आणि त्यातले नियम पाहिले की कुणीतरी फार बारकाईने विचार केला होता असं वाटत राहतं. पचिसीत सहा कवड्या टाकतात. तीन उताण्या पडल्या तर दान तीनच. एकच उताणी पडली तर दहा. सगळ्या पालथ्या पडल्या तर पंचवीस. प्रत्येक कवडी दोन्ही बाजूंनी सारखीच पडते असं धरलं तर एकूण ६४ प्रकार होतात. त्यांतल्या २० प्रकारांत तीन उताण्या येतात, सहांत एकच आणि एका प्रकारात एकही नाही. जे दुर्मीळ, त्याला मोल जास्त.

लहान मुलांसाठी याहून सोपा खेळ म्हणजे चल्लस-आठ. पाच गुणिले पाच घरांचा पट खडूने आखायचा आणि कवड्या नसतील तर चार चिंचोके घ्यायचे. चिंचोका खरबरीत फरशीवर एका बाजूने घासत राहायचं. तपकिरी साल जाऊन आतला पांढरा गर दिसला की झाला फासा. जितके पांढरे वर, तितकं दान. चारही तपकिरी पडले तर आठ. चार आणि आठ पडलं की पुन्हा टाकायला मिळतं. आठची वाट बघत रडकुंडीला आलेली पोरं मराठी घरांनी पिढ्यान् पिढ्या पाहिली आहेत.

ते आठ इतकं छळतं का, याचं उत्तर पाटीवर मावतं. प्रत्येक चिंचोक्याला एक रकाना द्यायचा आणि पांढऱ्यासाठी ‘पां’, तपकिरीसाठी ‘त’ लिहायचं. पां-पां-पां-पां पासून त-त-त-त पर्यंत सोळा ओळी होतात. त्यांत आठ देणारी ओळ एक, एक देणाऱ्या चार, दोन देणाऱ्या सहा, तीन देणाऱ्या चार, आणि चार देणारी पुन्हा एक.

१, ४, ६, ४, १. हे आकडे भारतात जुनेच आहेत, फक्त वेगळ्या दारातून आलेले. पिंगलाच्या छंदःशास्त्रात चार अक्षरांच्या लघु-गुरूंचे सोळा प्रकार मांडायची रीत आहे, आणि दहाव्या शतकातल्या हलायुधाच्या टीकेत हीच ओळ मेरुप्रस्तार नावाच्या आकड्यांच्या त्रिकोणात येते. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये लीलावतीत ‘अंकपाश’ घातला: शंभूच्या दहा हातांत दहा आयुधं किती प्रकारांनी येतील? ३६,२८,८००. चाळीसगावजवळच्या पाटणच्या १२०७ सालच्या शिलालेखात भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठीच्या मठाला दिलेल्या दानाची नोंद आहे. म्हणजे खानदेशात प्रकार मोजण्याचं गणित शिकवायची सोय होती, आणि दानाचे खेळही होतेच. लीलावतीत फाशांच्या दानाचा हिशेब मात्र नाही, याची चुटपुट लागते.

तो हिशेब इटलीत आणि फ्रान्समध्ये झाला. तीन फाशांची बेरीज नऊपेक्षा दहा अधिक वेळा येते, हे जुगाऱ्यांना अनुभवाने कळलं होतं. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला गॅलिलिओने २१६ प्रकार मोजून दाखवले: नऊचे २५, दहाचे २७. पुढे १६५४ मध्ये पास्कल आणि फर्मा यांच्या पत्रांतून या शास्त्राचा पाया घातला गेला.

आपल्या राज्य मंडळाच्या गणितात संभाव्यतेचं स्वतंत्र प्रकरण येतं ते दहावीत, नाणी, फासे आणि पत्त्यांसह. इतकं थांबायचं कारण नाही. सोळा ओळी लिहिणं तिसरी-चौथीच्या मुलांना सहज जमतं, आणि अपूर्णांक न वापरता ‘सोळांत एक’, ‘सोळांत सहा’ असं बोलताही येतं. वर्गाचे दहा गट करून प्रत्येकाने सोळा वेळा चिंचोके टाकले तर १६० दानं जमतात. हिशेबाने त्यांत दहाच्या आसपास आठ यायला हवेत आणि साठच्या आसपास दोन. तरी तीन-चार गटांना बहुधा एकही आठ मिळणार नाही, आणि ‘सोळांत एक’ म्हणजे दर सोळाव्या वेळी हमखास नव्हे, हे त्या हिरमुसलेल्या गटांना सगळ्यात आधी समजेल. शिवाय घासलेली बाजू सपाट, दुसरी फुगीर. चिंचोका दोन्ही बाजूंनी सारखा पडेलच असं नाही. म्हणून फळ्यावर दोन रकाने आखावेत, एक पाटीवरच्या हिशेबाचा, दुसरा प्रत्यक्ष पडलेल्या दानांचा. त्यांत मोठा फरक दिसला तर एकच चिंचोका शंभर वेळा टाकून तो कोणत्या बाजूला झुकतो ते मुलांनाच शोधायला सांगावं.