वाळवंटात कोणती गाडी चालली?



आजच्या गप्पा इतिहासाच्या आहेत, पण राजा-राणीच्या नाहीत. गाडीच्या आहेत.

गटाच्या बैठकीत टेम्पो घ्यायचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: सगळ्यात दणकट गाडी कोणती? शंभर वर्षांपूर्वी हाच प्रश्न आफ्रिकेतल्या लिबियाच्या वाळवंटात माणसांना पडला होता. आपली निवड चुकली तर हप्ते थकतात. तिथे निवड चुकली तर माणूस तहानेने मरायचा.

हे वाळवंट इजिप्त, लिबिया आणि सुदान या तीन देशांत पसरलेलं आहे. आकाराने जवळजवळ आपल्या भारताएवढं, असं त्याचं वर्णन करतात. काही भाग खडीचा आणि टणक. काही भागात मात्र समुद्राच्या लाटांसारखे वाळूचे डोंगर, काही तर शंभर मीटर उंच. रस्ता नाही, विहिरी शेकडो किलोमीटर लांब.

तिथलं जुनं वाहन म्हणजे उंट. त्याचा पाय बघा, रुंद आणि मऊ गादीसारखा. वजन पसरतं, म्हणून तो रुतत नाही. १९२१ साली रोझिटा फोर्ब्स ही इंग्रज बाई अहमद हसनैन या इजिप्शियन माणसासोबत उंटावरूनच दूरच्या कुफ्रा मरुद्यानापर्यंत पोचली होती. पुढे १९२३ मध्ये हसनैन यांनी उंटांवर सुमारे साडेतीन हजार किलोमीटर प्रवास केला. त्याला महिनेच्या महिने लागले. उंट भरवशाचा, पण सावकाश.

मोटारी तिथे पहिल्या महायुद्धात आल्या. इंग्रजांनी रोल्स रॉइसच्या चिलखती गाड्या आणल्या. रोल्स रॉइस म्हणजे श्रीमंतांची गाडी, जगात नावाजलेली. मार्च १९१६ मध्ये या गाड्यांनी वाळवंटात धाव घेऊन नव्वदच्या आसपास कैदी सोडवून आणले. टणक जमिनीवर त्यांना तोड नव्हती. पण चिलखतासकट वजन चार टनांच्या वर. मऊ वाळू आली की चाकं खाली जायची.

त्याच सैन्याकडे फोर्ड कंपनीची मॉडेल टी नावाची छोटी गाडीही होती. ती १९०८ साली निघाली, साध्या शेतकऱ्याला परवडावी म्हणून. दिसायला हलकीफुलकी, वजन टनाच्या आत, पण जमिनीपासून उंच आणि यंत्र एकदम साधं. रुतली तर चार माणसं ढकलून बाहेर काढत. जिथे भारी गाडी अडायची, तिथून ही निघून जायची. गस्तीच्या पथकांनी याच गाड्या घेऊन कोऱ्या नकाशात कितीतरी वाटा भरल्या.

मग काहींना वाटलं, वाळूसाठी खास यंत्रच बनवू. सिट्रोएन या फ्रेंच कंपनीने मागच्या चाकांऐवजी पट्टे लावलेल्या गाड्या काढल्या. डिसेंबर १९२२ मध्ये अशा पाच गाड्या अल्जीरियातून निघाल्या आणि तीन आठवड्यांत सहारा ओलांडून टिंबक्टूला पोचल्या. जगभर कौतुक झालं. पण या गाड्यांचा वेग कमी, पेट्रोलची भूक मोठी आणि पट्ट्यांची निगा वेगळी.

आता मैत्रिणींनो, हिशेब बघा. वाटेत पंप नाही. जायचं आणि यायचं, सगळं पेट्रोल गाडीवरच न्यायचं. जी गाडी जास्त पिते, ती स्वतःचंच खाणं वाहून नेते. मग पाण्याला आणि भाकरीला जागा उरत नाही.

हा हिशेब सगळ्यात नीट मांडला राल्फ बॅगनोल्ड या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने. १९२६ मध्ये त्याची इजिप्तला बदली झाली. सुट्टीत तो मित्रांना घेऊन वाळवंटात जायचा, आधी मॉडेल टी घेऊन, मग तिच्यानंतर आलेली मॉडेल ए घेऊन. दोन्ही बाजारात सहज मिळणाऱ्या गाड्या. त्यातलं जे नको ते त्याने काढून टाकलं, वजन कमी केलं, आणि एकेक अडचण सोडवत गेला.

पहिली अडचण रुतण्याची. त्याने टायरमधली हवा कमी केली. टायर खाली पसरतो आणि उंटाच्या पायासारखं काम करतो. तरीही रुतली तर चाकाखाली द्यायला लोखंडी पन्हाळीसारखे लांब पत्रे ठेवले. चिखलात बैलगाडी रुतली की आपण चाकाखाली दगड नाहीतर फांद्या घालतो, तीच युक्ती. आणि हे पत्रे त्याला मिळाले कैरोच्या भंगारात.

दुसरी अडचण पाण्याची. उन्हात रेडिएटर उकळायचा आणि पिण्याजोगं पाणी वाफ होऊन उडून जायचं. त्याने रेडिएटरमधून एक नळी काढून पाण्याच्या डब्यात सोडली. वाफ त्या डब्यात जाऊन पुन्हा पाणी व्हायची. इंजिन निवलं की ते पाणी आपोआप परत ओढलं जायचं. भाताच्या झाकणाला आतून थेंब धरतात ना, तोच नियम.

तिसरी अडचण दिशेची. गाडीच्या लोखंडामुळे होकायंत्र फसतं. मग त्याने सूर्याच्या सावलीवर दिशा दाखवणारी तबकडी वापरली. अशा साध्या गाड्यांनी, अशा साध्या युक्त्यांनी त्याचा गट १९३० च्या सुमारास मोठ्या वाळूसागरातून पार गेला.

पुढे १९४० मध्ये दुसऱ्या महायुद्धात बॅगनोल्डला दूरच्या गस्तीसाठी पथक उभं करायला सांगितलं. तयारीला दीड महिना. पहिली माणसं घेतली न्यूझीलंडची, त्यात शेतकरी बरेच, यंत्र हाताळायची सवय असलेले. आणि गाडी? शेवरोले कंपनीचा दीड टनी साधा ट्रक, फक्त मागच्या दोन चाकांना जोर असलेला. त्याचे कमानपाटे वाढवले, टप काढला, वर पत्रे बांधले.

१९४१ मध्ये त्यांना फोर्डचे नवे ट्रक मिळाले, चारही चाकांना जोर असलेले. कागदावर हीच गाडी वाळवंटासाठी योग्य. पण ती वजनाला जास्त आणि पेट्रोलही जवळपास दुप्पट खायची. तेवढ्याच पेट्रोलवर पोचायचं अंतर घटलं. म्हणून १९४२ मध्ये पथक पुन्हा दोन चाकांच्या जोराच्या शेवरोलेकडे वळलं. जास्त ताकदीची गाडी परत करून कमी ताकदीची घेतली, कारण काम कमी ताकदीचीच गाडी चांगलं करत होती.

आणखी एक गोष्ट. गाडी चांगली असूनही पेट्रोल वाया जायचं, कारण इंग्रजांचे पत्र्याचे डबे धक्क्यांनी गळायचे. जर्मनांचा वीस लिटरचा मजबूत कॅन हाती लागला की सैनिक तो जपून ठेवत. म्हणजे गाडीबरोबर डबाही निवडावा लागतो.

ही युद्धाची गोष्ट आहे, तिच्यात दुःखही बरंच आहे. पण हिशेब आपल्या उपयोगाचा आहे. उद्या गट टेम्पो बघायला शोरूममध्ये जाईल, तेव्हा विक्रेता ताकद सांगेल, रंग दाखवेल. आपण आधी आपला रस्ता सांगावा. किती किलोमीटर, किती चढ, पावसाळ्यात चिखल किती. माल किती क्विंटल. मग विचारावं: लिटरला किती जाते? भरल्या गाडीने किती जाते? पार्ट तालुक्याला मिळतो का? गावातला मेस्त्री ती उघडू शकतो का? रुतली तर आपण चौघीजणी तिला बाहेर काढू शकू का?

ही उत्तरं वहीत लिहा, बैठकीत वाचा आणि मगच ठराव करा. सही करणाऱ्या आपण आहोत, हप्ताही आपणच भरणार आहोत.

येते मैत्रिणींनो. नमस्कार.