सत्यवान सावित्री (मूकपट, १९१४)

धुंडिराज गोविंद ऊर्फ दादासाहेब फाळके (१८७०–१९४४) यांचा पौराणिक मूकपट. राजा हरिश्चंद्र आणि मोहिनी भस्मासुर (दोन्ही १९१३) यांच्यानंतरचा हा त्यांचा तिसरा कथापट. दादरहून नाशिकला बिऱ्हाड हलवल्यानंतरच्या काळातला.

कथानक महाभारताच्या वनपर्वातले. मार्कंडेय ऋषी ते युधिष्ठिराला सांगतात. मद्रदेशच्या अश्वपती राजाची मुलगी सावित्री राज्य गमावलेल्या अंध द्युमत्सेनाच्या मुलाला, सत्यवानाला वरते. त्याचे आयुष्य वर्षभराचेच उरले आहे, हे नारदाकडून कळूनही ती मागे फिरत नाही. नेमल्या दिवशी यम स्वतः येतो, सत्यवानाच्या देहातून अंगठ्याएवढा पुरुष पाशाने ओढून काढतो आणि दक्षिणेची वाट धरतो. सावित्री त्याच्या मागोमाग चालू लागते. वटपौर्णिमेच्या व्रतामुळे ही कथा महाराष्ट्रात घरोघरी पाठ. चित्रपटगृहात येणाऱ्याला ती समजावून सांगण्याची गरजच नव्हती. फाळक्यांनी पुराणकथा निवडण्यामागे जी व्यवहारदृष्टी होती, ती इथे नेमकी दिसते.

तरीही मूकपटासाठी हा विषय अवघडच म्हटला पाहिजे. सावित्री शस्त्राने जिंकत नाही, रडूनही नाही. ती बोलून जिंकते. धर्म, सत्संग, मैत्री यांवरची तिची वचने ऐकून यम प्रसन्न होत जातो. सत्यवानाचे प्राण सोडून काहीही माग, असे म्हणत तो सासऱ्याची दृष्टी देतो, राज्य देतो, तिच्या वडिलांना शंभर पुत्र देतो. मग ती स्वतःसाठी सत्यवानापासून शंभर पुत्र मागून घेते आणि यम शब्दात अडकतो. सारी खुमारी संवादात, आणि पडद्याला आवाज नाही! आधाराला मजकुराच्या पाट्या आणि नटांचे हावभाव, एवढेच. उलट पाशात आवळलेला तो अंगुष्ठमात्र पुरुष कॅमेऱ्याच्या करामतीला आयते आव्हान देणारा. वाटाण्याचे रोप उगवताना पडद्यावर दाखवणाऱ्या फाळक्यांना अशा चमत्कृतींची ओढ होतीच.

त्याच सुमारास इटलीतही परलोक पडद्यावर आला होता. मिलानो फिल्म्स या संस्थेने दान्तेच्या महाकाव्यातील नरकखंडावर काढलेला लिन्फेर्नो १९११मध्ये नेपल्समध्ये प्रथम दाखवला गेला. फ्रांचेस्को बेर्तोलिनी, अदोल्फो पादोवान आणि जुझेप्पे दे लिग्वोरो हे त्याचे दिग्दर्शक. दृश्यांची मांडणी गुस्ताव दोरेच्या चित्रांवर बेतलेली. दान्ते नरकाच्या तळापर्यंत उतरतो, एकेक शिक्षा बघत जातो. पाहण्याजोगे तिथे रग्गड. सावित्री मात्र यमलोकात पाऊलही टाकत नाही. तिची सारी झुंज वाटेवरच संपते. मूकपटाच्या दृष्टीने दान्तेचे काव्य सोयीचे होते, व्यासांचे नव्हते.

१९१४मध्ये फाळके आपले तिन्ही कथापट घेऊन लंडनला गेले. तिथल्या चित्रपटविषयक नियतकालिकांनी त्यांच्या तांत्रिक कामगिरीची वाखाणणी केली. तिथेच राहून चित्रपट काढण्याचे आमंत्रणही आले; ते त्यांनी स्वीकारले नाही. त्यांचा मानस नाशिकच्या कारखान्याला नवी यंत्रसामग्री मिळवण्याचा होता. पण महायुद्ध सुरू झाले, भांडवल आटले आणि फाळके अडचणीत सापडले. लंका दहन (१९१७) आल्यावर त्यांचे दिवस पालटले.

सत्यवान सावित्रीची प्रत आज उपलब्ध नाही. फाळक्यांच्या इतर मूकपटांपैकी कालिया मर्दन (१९१९) बराचसा टिकला, राजा हरिश्चंद्रची काही रिळे टिकली. ही रिळेही १९१७च्या नव्या आवृत्तीतली असावीत, असे अनेक अभ्यासक मानतात. त्यामुळे यम कसा दिसत होता, संवादाचा तिढा फाळक्यांनी कसा सोडवला, हे पडताळण्याचा मार्ग उरलेला नाही. लिन्फेर्नो मात्र जपला गेला आणि दुरुस्त प्रतीच्या रूपाने आजही पाहता येतो.

या कथेवर पुढे कलकत्त्याच्या मादन कंपनीने इटलीतील चिनेस या संस्थेच्या साहाय्याने सावित्री हा मूकपट काढला (१९२३). जॉर्जो मान्निनी यांनी दिग्दर्शित केलेल्या या मूकपटाचे चित्रीकरण रोमजवळच्या तिव्होलीच्या धबधब्यांच्या परिसरात झाले. सावित्री झाली होती रीना दे लिग्वोरो. लिन्फेर्नोच्या दिग्दर्शकांपैकी जुझेप्पे दे लिग्वोरो यांची ती सून.