गोचिडावर होमिओपॅथी : काट्याने काटा निघतो का?



कुर्डुवाडी, माढा, बार्शीकडच्या गोठ्यांत एक प्रश्न नेहमी निघतो. गाईच्या गोचिडावर होमिओपॅथीच्या गोळ्या चालतात का? औषध स्वस्त, दुधात उतरत नाही, भाकरीच्या तुकड्यावर चार थेंब टाकले की काम झालं. विचारणाऱ्याला हसून वाटेला लावू नये. या प्रश्नामागे मोठी हकिकत आहे, ती आधी ऐका.

जर्मनीतल्या हानेमान या डॉक्टरांनी १७९६ साली हे शास्त्र मांडलं. काट्याने काटा काढावा, तसा रोगासारखीच लक्षणं उठवणाऱ्या पदार्थाने रोग काढावा, अशी त्यांची कल्पना. जनावरांकडे ते आणलं लाइपझिगच्या लुक्स नावाच्या पशुवैद्याने. १८३१ साली हंगेरीतून त्याला कोणी विचारलं, फाशी रोगावर औषध आहे का? त्याच्याजवळ नव्हतं. मग त्याने सांगितलं की, रोगी जनावराच्या रक्ताचा थेंब घ्या, तीस वेळा पातळ करा आणि तोच पाजा. १८३३ साली त्याने यावर पुस्तक काढलं. आज ब्राझीलमध्ये गोचिडापासूनच बनवलेलं औषध गाईंना देतात, त्याचं मूळ या विचारात आहे.

आता 'तीस वेळा पातळ' म्हणजे किती? एक थेंब औषध, नव्व्याण्णव थेंब पाणी किंवा अल्कोहोल. त्यातला एक थेंब पुन्हा नव्व्याण्णवात. असं तीस वेळा. आपलं उजनी धरण ११७ टीएमसी भरलंय असं समजा. त्यात औषधाचा एकच थेंब टाकला, तर तो आठ-नऊ वेळा पातळ केल्याइतका होतो. बाराव्या पायरीच्या पुढे मूळ पदार्थाचा कणही उरण्याची शक्यता जवळजवळ नसते. मग तिसाव्या पायरीला बाटलीत काय राहिलं, ते तुम्हीच सांगा. ब्राझीलमध्ये चाचण्या झाल्या. कुठे थोडे गोचीड कमी दिसले, कुठे नाही. भरवसा ठेवावा असं काही हाती लागलेलं नाही.

तिकडे अमेरिकेत वेगळंच चाललं होतं. दक्षिणेकडचे, टेक्सासचे कळप उत्तरेत आले की उत्तरेची जनावरं तापाने मरत आणि मुतायला लाल होत. दक्षिणेचे बैल मात्र ठणठणीत! गुराखी म्हणायचे, हे गोचिडामुळे होतंय. शिकलेली मंडळी हसायची. (अडाण्याचं बोलणं हसण्यावारी नेणं ही जुनी खोड आहे.) शेवटी थिओबाल्ड स्मिथ आणि किलबोर्न यांनी कुंपणं घालून प्रयोग केले. एका कुरणात दक्षिणेची जनावरं सोडली, पण त्यांचे गोचीड हाताने वेचून काढले. तिथे ताप आला नाही. दुसऱ्या कुरणात दक्षिणेचं एकही जनावर नाही, नुसते गोचीड गवतावर टाकले. तिथे ताप आला! १८९३ साली हा अहवाल छापला गेला. त्यानंतर चार वर्षांनी, १८९७ साली, आपल्या कुर्डुवाडीहून, म्हणजे तेव्हाच्या बार्शी रोड स्टेशनातून, बार्शीची छोटी गाडी सुटली. इतकी ही गोष्ट जुनी.

पुढे १९०६ पासून अमेरिकेने सोमलाच्या पाण्याच्या हौदातून गुरं पोहवून काढायला सुरुवात केली. बहुतेक मुलखातून तो गोचीड हटायला १९४३ साल उजाडलं. मग डीडीटी आलं, बीएचसी पावडर आली. आपल्याकडेही गोठ्यात ती हाताने फासत. बीएचसीवर १९९७ साली बंदी आली. नंतरच्या डेल्टामेथ्रिनलाही काही ठिकाणचे गोचीड आता दाद देत नाहीत. औषध अर्धवट मारलं की जे जगतात, त्यांचीच पिलावळ वाढते. विषारी औषधांना कंटाळून माणूस गोळ्यांकडे वळतो तो असा. त्याचा राग समजतो, पण राग हा काही औषधाचा पुरावा नव्हे.

आपल्याकडे धोका वाढला तो संकरित गाईमुळे. खिल्लार हे इथल्या उन्हातान्हात आणि गोचिडात वाढलेलं जनावर. ते पुष्कळ सोसतं. १९६७ साली मणिभाई देसाईंनी उरुळीकांचनला बायफ स्थापन केली, संकरित पैदाशीचं काम गावोगाव पोचलं, दूध वाढलं. पण जर्सी-होल्स्टिनच्या रक्ताची गाय गोचीडतापाला, म्हणजे थायलेरियाला, लवकर बळी पडते. १०४ ते १०६ अंश ताप, खांद्यापुढची गाठ सुजलेली, डोळ्याची आतली कड पांढरी पडलेली, असं दिसलं तर गोळ्या चारत दोन दिवस घालवू नका. बुपार्वाक्वोनचं इंजेक्शन वेळेवर पडलं तर गाय वाचते. डॉक्टरला बोलवा, किंवा १९६२ या नंबरला फोन लावा. या तापाची लसही निघाली आहे. संकरित जनावरांसाठी तिची चौकशी करा.

आणि गोठ्याकडे बघा. गाईच्या अंगावर दिसतात ते थोडे, बाकीचे भिंतीच्या भेगांत, गव्हाणीखाली, दगडांच्या सांध्यांत असतात. एक मादी दोन-तीन हजार अंडी घालते, तीही जमिनीवर. भेगा सिमेंटने लिंपा, चुना मारा, कचरा जाळा. फवारणी करायची तर सगळी जनावरं आणि गोठा एकाच दिवशी, डॉक्टरांनी सांगितलेल्या प्रमाणात, आणि दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा. आयव्हरमेक्टिन दुभत्या गाईला स्वतःच्या मनाने टोचू नका. करंज किंवा निंबाचं तेल लावायला हरकत नाही. थोडा उपयोग होतो, पण ते वरचेवर लावावं लागतं. कार्तिकीला पंढरपूरच्या बाजारातून किंवा सोलापूरच्या गड्ड्यावरून नवं जनावर आणलं, तर दोन आठवडे वेगळं बांधा आणि कानात, कासेवर, शेपटाखाली हात फिरवून बघा.

होमिओपॅथीचे थेंब तुम्ही द्यायचेच म्हणाल, तर गाईचं त्यात नुकसान नाही. मात्र हे सगळं सोडून नव्हे.

हाताने काढलेले गोचीड नखावर चिरडू नका. गुजरातेत २०११ साली माणसांना काँगो ताप झाला. तो गोचिडातून आणि बाधित जनावराच्या रक्तातून येतो. हाताला पिशवी गुंडाळा, डब्यात गोळा करा आणि जाळून टाका. पोरांना त्यांच्याशी खेळू देऊ नका.