कोल्हापूरचा ख्रिस्ती समाज : बहिष्कार आणि धर्मनिष्ठा

कोल्हापूर, मिरज व बेळगाव या मुलखात एकोणिसाव्या शतकात प्रॉटेस्टंट मिशनांच्या प्रयत्नाने उदयास आलेल्या मराठी ख्रिस्ती समाजाने जातिबहिष्कार, वारसाहानी व कुटुंबवियोग सोसून जी धर्मनिष्ठा टिकविली, तिचा परामर्श या नोंदीत घेतला आहे. ठाण्यास १३२१ मध्ये तोलेंतीनोचा थॉमस व त्याचे तीन सहकारी यांचा जसा शिरच्छेद झाला, तसे रक्तसाक्षी येथील इतिहासात शोधू जाणे व्यर्थ होय. येथे छळाचे शस्त्र घरातल्यांच्या व जातपंचायतीच्या हाती होते, आणि ते एका घावात काम संपवीत नसे.

अमेरिकन मिशनरी रॉयल गूल्ड वाइल्डर अहमदनगर सोडून डिसेंबर १८५२ मध्ये कोल्हापुरात आले, तेव्हा त्यांना येथून घालवून द्यावे असा अर्ज नगरातील प्रतिष्ठितांनी सरकारकडे केला. अर्ज निष्फळ झाला. पुढे इंग्रजी शाळांच्या प्रश्नावरून वाइल्डर यांचे आपल्या अमेरिकन मंडळाशीच बिनसले; तथापि १८६१ मध्ये ते स्वतंत्रपणे कोल्हापुरास परतले, आणि १८७० मध्ये हे मिशन प्रेसबिटेरियन मंडळाकडे गेले. त्यांचे पुत्र रॉबर्ट, ज्यांनी पुढे अमेरिकेतील विद्यार्थी-स्वयंसेवक चळवळ उभारण्यात पुढाकार घेतला, ते १८६३ मध्ये कोल्हापुरातच जन्मले.

परंतु मिशनरी व्यक्तीला विरोध होणे वेगळे आणि बाप्तिस्मा घेतलेल्या मराठी माणसावर ओढवणारे संकट वेगळे. मिशनरी अखेर परका होता. त्याला वाळीत टाकण्यासारखी जातच नव्हती. पंक्तिव्यवहार तुटणे, पाणवठा बंद होणे, बायको माहेरी अडकविली जाणे, मुलांची लग्ने न जमणे, आणि वडिलार्जित मिळकतीवरील हक्क जाणे, असा जो नागरी मृत्यू धर्मांतरिताच्या वाट्यास येई, त्यावर उपाय म्हणून ब्रिटिश सरकारने १८५० चा एकविसावा कायदा करून वारसाहक्क राखला, व १८६६ मध्ये, धर्मांतरामुळे जोडीदाराने टाकलेल्यांस विवाहविच्छेदाची मुभा दिली. मात्र कोल्हापूर हे संस्थान असल्याने खालसा मुलखातला कायदा येथे आपोआप लागू होत नसे, हे मिशनच्या यशाच्या गोष्टी सांगणारे बहुधा विसरतात.

या दुःखाचे सर्वांत विश्वसनीय चित्र शेजारच्या बेळगावचे बाबा पदमनजी (१८३१–१९०६) यांच्या ‘अरुणोदय’ या आत्मचरित्रात आढळते. १८५४ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला, घर सुटले, पत्नी दुरावली. आणि तरीही अवघ्या ३ वर्षांत त्यांनी ‘यमुनापर्यटन’ लिहून, ज्या समाजाने त्यांना झिडकारले त्याच समाजातील विधवांची कैफियत मांडली. निष्ठेचा याहून निःसंशय पुरावा प्रस्तुत लेखकास ठाऊक नाही. परतीची वाट किती बिकट होती हे १८४३ च्या मुंबईतील शेषाद्री-प्रकरणावरून दिसते. मिशनरींकडे गेलेल्या लहानग्या श्रीपती शेषाद्रीला न्यायालयाने बापाच्या स्वाधीन केले, परंतु जातीने त्याला घेण्याचे नाकारले. आणि प्रायश्चित्त देऊन त्याला शुद्ध करून घ्यावे म्हणून खटपट करणारे बाळशास्त्री जांभेकर स्वतःच रोषाचे धनी झाले.

दलितांतून आलेल्या ख्रिस्ती मंडळींस हे सारे अधिक कठोरपणे भोगावे लागले, कारण त्यांच्याजवळ गमावण्यास मिळकत अल्प असली तरी गावकीच्या हक्कांवाचून त्यांचे पोट चालत नव्हते. त्यांच्यावर ‘दुष्काळात पोटासाठी बाटले’ हा आक्षेप सर्रास घेतला जाई. कित्येकांच्या बाबतीत तो खराही असेल. पण पाऊस पडल्यानंतर, धान्य स्वस्त झाल्यानंतर, उपेक्षा पत्करून जे मंडळीत राहिले त्यांच्याविषयी तो टिकत नाही. मिरजेस विल्यम वॉनलेस यांचे रुग्णालय १८९४ मध्ये सुरू झाल्यावर शेजाऱ्यांचा तुटकपणा काहीसा ओसरला. आणि राजर्षी शाहू छत्रपतींच्या कारकीर्दीत निरनिराळ्या समाजांसाठी जी वसतिगृहे निघाली त्यांत १९१५ चे इंडियन ख्रिश्चन होस्टेलही होते, ही गोष्ट दरबाराच्या औदार्याची निदर्शक होय.

छळाच्या स्मृतीचा अभिमान बाळगणाऱ्यांनी गोव्याच्या धर्मसमीक्षण न्यायालयाकडे पाठ फिरवू नये. १५६० ते १८१२ या काळात, मधला अल्प खंड वगळता, ख्रिस्ती सत्तेनेच तेथे नवख्रिस्त्यांस जुने आचार गुप्तपणे पाळल्याबद्दल दंडिले. सोसणारा आणि सोसायला लावणारा हे दोन्ही एकाच धर्माच्या इतिहासात आहेत. एकाचे स्मरण करताना दुसऱ्याचे विस्मरण करणे अप्रामाणिकपणाचे ठरेल.

स्वातंत्र्यानंतर बहिष्कार दंडनीय झाला, तथापि धर्मांतराची किंमत पुरती संपली नाही. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. तो १९५६ मध्ये शिखांस व १९९० मध्ये बौद्धांस खुला झाला. ख्रिस्ती झालेले दलित अद्याप त्याबाहेर आहेत.