फिल्मच्या डबीतले सेल

मागच्या विकांताला माळा आवरायला काढला. दर दिवाळीच्या आधी काढायचं ठरवतो आणि दर वेळी काहीतरी रिलीज आडवी येते. या वेळी नाही आली. वरून एक खोकं निघालं, त्यात बाबांच्या फिल्मच्या डब्या. काळ्या, राखाडी झाकणाच्या, एकूण सात. प्रत्येकीत चार-चार बारीक पेन्सिल सेल, चार्जिंगचे. झाकणावर कागदाची चिकटपट्टी आणि तिच्यावर बाबांच्या अक्षरात बॉलपेनने एक तारीख.

त्याच संध्याकाळी चिरंजीवांच्या टेबलाखाली दुसरा डबा सापडला. त्याच्याकडे येतोच, पण आधी थोडा इतिहास. (शनिवारचा लेख आहे मंडळी, एवढं चालवून घ्या.)

वीज साठवायची म्हटली की ती ठेवायची कशात, हा प्रश्न बॅटरीइतकाच जुना आहे. किंबहुना 'बॅटरी' हा शब्दच मुळात एका सेलचा नाही, एकत्र मांडलेल्या अनेकांचा आहे. १७४९ मध्ये बेंजामिन फ्रँकलिनने काचेच्या तावदानांना शिशाचे पातळ पत्रे लावून ती एकमेकांना जोडली आणि तोफांच्या रांगेला जे नाव होतं तेच या रांगेला दिलं. (आमची आजी टॉर्चलाच बॅटरी म्हणायची, ते वेगळं.) लेडन जार, म्हणजे आतून-बाहेरून धातूचा पत्रा लावलेली काचेची बरणी, ही त्या काळची पुन्हा पुन्हा भरता येणारी वस्तू. १७५० च्या नाताळच्या सुमारास फ्रँकलिन अशा दोन मोठ्या बरण्यांच्या झटक्याने टर्की मारायला गेला. एक हात वरच्या तारांना लागला, दुसऱ्या हातात बाहेरच्या बाजूची साखळी. टर्की राहिली बाजूला, झटका यालाच बसला. सुट्या, भरलेल्या गोष्टी हाताळताना दोन टोकं एकत्र आली की काय होतं याची इतकी जुनी नोंद आहे.

खरा रिचार्जेबल सेल १८५९ चा, फ्रान्समधल्या गास्तों प्लांतेचा. शिशाचे दोन पत्रे गुंडाळून आम्लात बुडवलेले. पुढे १९२०-३० च्या दशकात इंग्लंडमध्ये, जिथे घरात वीज आलेली नव्हती तिथे, रेडिओच्या व्हॉल्व्हसाठी असेच दोन व्होल्टचे काचेचे अ‍ॅक्युम्युलेटर असत. ते संपले की जवळच्या सायकलच्या दुकानात किंवा गॅरेजमध्ये नेऊन चार्ज करून आणायचे. बरीच घरं दोन ठेवत, एक रेडिओला आणि एक दुकानात. आत आम्ल, त्यामुळे तारेच्या कडीला धरून, न हिंदकळता न्यायचं. हिंदकळलं की कपड्याला भोक. आपल्याकडे डेअरीवरून दुधाची किटली आणायला पोरांना पाठवत तसंच काहीसं, फक्त सांडलं तर ओरडा जास्त.

१८९९ मध्ये स्वीडनच्या युंगनरने निकेल-कॅडमियम सेल केला, १९४७ च्या सुमारास तो पूर्ण बंद करता येऊ लागला आणि आम्ल-अल्कली सांडायची भीती गेली. सेल खिशात आला. आणि गंमत म्हणजे इथेच नवी भानगड सुरू झाली, कारण जी वस्तू सांडत नाही ती माणूस कुठेही टाकतो.

मीही टाकली. २००४ साल. नवीन नोकरी, नवीन डिजिटल कॅमेरा. हे कॅमेरे साधे सेल शेंगदाण्यासारखे खायचे, म्हणून १९८९ पासून बाजारात आलेले निकेल-मेटल-हायड्राइड सेल घ्यावे लागत. सिंहगडावर जायचं होतं. चार ताजे चार्ज केलेले सेल जीन्सच्या खिशात टाकले, त्याच खिशात घराच्या किल्ल्यांचा जुडगा. पार्किंगपर्यंत पोचेपर्यंत मांडीला काहीतरी चावलं असं वाटलं. मग भाजलं. मग मी सोसायटीच्या वॉचमनसमोर भर पार्किंगमध्ये जे नाचलो ते सांगत नाही. डाग अजून आहे.

हिशोब सोपा आहे. अशा सेलचा अंतर्गत रोध साधारण ३० मिलिओहम. १.२ व्होल्टला त्याने भागा, ४० अँपिअर. किल्लीमुळे त्यातले बरेच कमी होतात, पण जीन्समधल्या कातडीला उरलेले पुरतात. साध्या अल्कलाइन सेलचा रोध याच्या कितीतरी पट, म्हणून लहानपणी ट्रान्झिस्टरचे सेल चड्डीच्या खिशात घेऊन फिरलो तरी काही झालं नव्हतं. सवय जुनी, सेल नवा!

त्याच्या महिनाभर आधी मी बाबांना हसलो होतो. ते स्टुडिओतून फिल्मच्या रिकाम्या डब्या पिशवीभर फुकट आणायचे. आईने त्यात सुपारी, कापूर, लवंग भरलेलं, बाबांनी सेल. "बाबा, एवढ्याशा सेलला डबी?" असं म्हणालो होतो. त्या दिवशी ते काही बोलले नाहीत. बर्नॉल आणून दिलं आणि एक डबी टेबलावर ठेवली.

डब्या फुकट का मिळत होत्या हे तेव्हा डोक्यात आलं नाही. कोडॅकने १९३४ मध्ये आणलेल्या ३५ मिमी काडतुसाची ती डबी. त्या फिल्मचा धंदा बुडवणाऱ्या कॅमेऱ्याचे सेल आम्ही तिच्यातच ठेवत होतो. बारीक सेल ४४.५ मिमी, ते छान बसायचे. कॅमेऱ्याचा मोठा पेन्सिल सेल ५०.५ मिमी, त्याच्यावर झाकण लागायचं नाही. बाबांनी मग दोन डब्या तोंडाला तोंड लावून मधे इन्सुलेशन टेप गुंडाळला. बारीक सेलसाठी नियमही होता, भरलेल्यांचं टोक वर, संपलेल्यांचं खाली. आणि तारीख यासाठी की ते सेल नुसते ठेवले तरी काही आठवड्यांत बरेच उतरायचे. २००५ च्या शेवटी सान्योने एनेलूप आणला, वर्षभराने ८५ टक्के चार्ज राहतो असा दावा होता. बाबा तरीही तारीख घालत राहिले.

आता टेबलाखालचा डबा. निळा, पत्र्याचा, बटर कुकीजचा, ज्यात सगळ्या घरांत सुईदोरा असतो तो. आमच्यात अकरा १८६५० सेल निघाले, जुन्या लॅपटॉपच्या बॅटरीतून उपटलेले, सुटे, एकमेकांवर आपटत. चिरंजीव नववीत आहेत आणि पॉवरबँक बनवणार आहेत. लिथियम-आयन, १९९१ पासून बाजारात, आणि हे सेल सुटे विकायचे म्हणून बनवलेलेच नसतात. जानेवारी २०२१ मध्ये अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाने नेमकं यावरच बजावलं होतं, सुटे १८६५० घेऊ नका, वापरू नका. उघडी टोकं खिशातल्या किल्ल्यांना, नाण्यांना लागली की आग. पत्र्याचा डबा म्हणजे तर अख्खी किल्लीच.

मी ओरडलो नाही. मांडीवरचा डाग दाखवला, तो हसला, मग हसायचा थांबला.

रविवारी सकाळी बसलो. प्रत्येक सेलच्या दोन्ही टोकांना टेप, मग प्रत्येकाला वेगळी प्लास्टिकची पिशवी. हा घरगुती जुगाड कायद्यातही आहे बरं का, १ जानेवारी २००८ पासून अमेरिकेत सुटे लिथियम सेल चेक-इन सामानात बंद झाले, तेव्हा केबिनमध्ये नेण्यासाठी टोकांना टेप किंवा वेगळी पिशवी हेच उपाय सांगितले होते. एका सेलला पोचा होता, तो बाल्कनीत फरशीवर एकटा ठेवला. सगळे सोमवारी ई-कचऱ्यात दिले. पॉवरबँकसाठी संरक्षण सर्किटवाला तयार पॅक मागवू असं ठरलंय.

देण्याआधी त्याने एक सेल आजोबांच्या डबीत घालून बघितला. ६५ मिमी. बोटाच्या पेराएवढा वर राहिला.