'एफ'ची छोटी घराणी

इंग्रजी भाषेतील तीन-चार अक्षरी शब्द दिसायला सोपे, परंतु अर्थाच्या दृष्टीने अत्यंत अवघड असतात. लांबलचक शब्द एकदा कोशात पाहिला की प्रश्न मिटतो. छोट्या शब्दाचे मात्र दहा अर्थ निघतात आणि त्यांचा परस्परांशी काय संबंध, हे कोणी सांगत नाही. या लेखात 'एफ' या अक्षराने सुरू होणारे असे काही शब्द घेतले आहेत. देवनागरीत या ध्वनीसाठी स्वतंत्र अक्षर नाही. 'फळ' आणि 'फी' आपण एकाच 'फ'ने लिहितो. त्यामुळे उच्चाराचा भेद वाचकाने मनातच राखावा.

सुरुवात 'फी'पासूनच करू. शाळेची, वकिलाची, डॉक्टरची फी आपण भरतो, त्या शब्दाच्या मुळाशी गाय आहे. जुन्या इंग्रजीत 'फेओह' म्हणजे गुरेढोरे, आणि त्यावरून संपत्ती. आजचा शब्द जहागिरीच्या अर्थाने फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला. परंतु त्या फ्रेंच शब्दाचे मूळही बहुतेक अभ्यासक याच जर्मानिक शब्दात मानतात. रोमन लिपी येण्यापूर्वी उत्तर युरोपात जी रून लिपी होती, तिच्या पहिल्याच अक्षराचा ध्वनी 'फ' होता आणि त्या अक्षराचे नाव 'गुरे' हेच होते. लॅटिनमध्ये गुरांना 'पेकु' म्हणत. त्यावरून 'पेक्युनिअरी' म्हणजे आर्थिक, आणि 'पेक्युलिअर' म्हणजे मुळात स्वतःच्या मालकीचे, हे शब्द झाले. संस्कृतातील त्यांचा सगोत्र शब्द म्हणजे 'पशु'. गोधन, पशुधन म्हणणाऱ्या मराठी माणसाला या अर्थांतराचे नवल वाटू नये.

'पशु' आणि 'फी' यांत 'प'चा 'फ' झाला, तो योगायोगाने नव्हे. डेन्मार्कचे रास्मुस रास्क यांनी 1818 साली आणि जर्मनीचे याकोब ग्रिम यांनी 1822 साली हा ध्वनिबदल मांडला. मूळ 'प' संस्कृत, ग्रीक व लॅटिनमध्ये टिकला. इंग्रजी, जर्मन आदी भाषांच्या शाखेत त्याचा 'फ' झाला. म्हणून पाद आणि 'फूट', पितृ आणि 'फादर', पंच आणि 'फाइव्ह', पूर्ण आणि 'फुल'. 'फाउल' म्हणजे घाणेरडे. त्याचे नाते संस्कृत 'पूति' म्हणजे दुर्गंधीयुक्त या शब्दाशी, आणि जखमेतला आपला 'पू' त्याच कुळातला आहे.

या यादीतील सर्वांत देखणा शब्द 'फ्री'. त्याचा सगोत्र शब्द 'प्रिय' आहे. प्रियचा अर्थ स्वतंत्र कसा झाला? जुन्या जर्मानिक समाजात घरात दोन प्रकारची माणसे असत: रक्ताची, जिव्हाळ्याची माणसे आणि दास. जी 'प्रिय' ती दास नव्हेत, म्हणून ती स्वतंत्र. 'फ्रेंड' हा त्याच धातूतून आला; त्याचा शब्दशः अर्थ 'प्रेम करणारा'. 'मोफत' हा अर्थ फार नंतरचा, जरी आज जाहिरातींत तोच सर्वांत मोठ्या टाइपात छापला जातो.

'फेअर' म्हणजे बसचे वा रेल्वेचे भाडे. मूळ अर्थ मात्र प्रवास करणे, जाणे. तो लक्षात ठेवला की 'फेअरवेल' म्हणजे 'सुखरूप जा', 'वेलफेअर' म्हणजे 'बरे चालणे' आणि 'थरोफेअर' म्हणजे आरपार जाण्याचा रस्ता, हे आपोआप उलगडते. नदी ओलांडणारी 'फेरी' याच कुळातली. संस्कृतात या धातूपासून 'पार' झाला, आणि व्रत पार पाडणे या अर्थाने 'पारणे'ही.

पारण्यावरून 'फास्ट' आठवतो. मराठी विद्यार्थ्याला या शब्दाइतका त्रास क्वचितच दुसरा देत असेल. 'रन फास्ट' म्हणजे वेगाने धाव, 'स्टँड फास्ट' म्हणजे जागचा हलू नकोस, 'फास्ट कलर' म्हणजे पक्का रंग, 'फास्ट अस्लीप' म्हणजे गाढ झोपलेला, आणि नुसता 'फास्ट' म्हणजे उपवास. हे सारे एकच. मूळ अर्थ घट्ट, दृढ. नियम घट्ट पाळणे म्हणून उपवास. घट्ट, जोर लावून धावणे म्हणून वेगाने धावणे. आणि 'ब्रेकफास्ट' म्हणजे उपवास सोडणे. आपण त्याला न्याहारी म्हणतो. शब्दशः भाषांतर 'पारणे' असेच होईल.

'फाइन' हा घरचा नव्हे, लॅटिनचा. 'फिनिस' म्हणजे शेवट. पैसे भरून तंटा संपवायचा, तो 'फाइन' म्हणजे दंड. आणि शेवटापर्यंत नेलेले, कसर न राहिलेले काम तेही 'फाइन'. 'फाँड' म्हणजे आवड असलेला. परंतु शेक्सपिअरच्या काळी त्याचा 'खुळा' हा अर्थ जिवंत होता.

लॅटिनमधून आलेल्या 'एफ'ला वरील नियम लागू पडत नाही. तेथे संस्कृत 'ध' किंवा 'भ'च्या जागी 'फ' येतो: धूम आणि 'फ्यूम', भ्रातृ आणि 'फ्रॅटर्नल'. हे सांगण्याचे कारण असे, की 'सगळी इंग्रजी संस्कृतातून निघाली' असे छातीठोकपणे सांगणाऱ्या याद्या हातोहात फिरत असतात, आणि मुले त्या पाठ करतात. विल्यम जोन्स यांनी 1786 साली कोलकात्यात मांडलेला विचार वेगळा होता: संस्कृत, ग्रीक, लॅटिन या एका मूळ भाषेच्या शाखा असाव्यात. अर्थात इंग्रजी ही संस्कृतची कन्या नव्हे, दूरची बहीण. त्या याद्यांत 'पाथ' आणि 'पथ' ही जोडी हमखास असते. पण वारशाने आलेला असता तर इंग्रजी शब्द 'फ'ने सुरू व्हायला हवा होता! हुबेहूब साम्य हेच तेथे संशयाचे कारण ठरते. तो शब्द इराणी भाषेतून उसना आला असावा, असा एक तर्क आहे.

राहता राहिला 'फॅन'. छताला फिरतो तो 'फॅन' लॅटिन 'वान्नुस'पासून आला. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ धान्य पाखडण्याचे साधन, म्हणजे आपले सूप. क्रिकेटपटूचा वा नटाचा 'फॅन' मात्र निराळा. तो 'फॅनॅटिक' या शब्दाचा तुकडा असल्याचे सर्वसाधारणपणे मानले जाते. 'फॅनॅटिक'च्या मुळाशी लॅटिन 'फानुम' म्हणजे देऊळ. 19व्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत बेसबॉलच्या शौकिनांसाठी हा तुकडा रूढ झाला. एकाच स्पेलिंगचे हे दोन शब्द, पण त्यांचे एकमेकांशी काहीही नाते नाही.